भागवत सरांनी न सांगितलेली वेळ

धम्मप्रियाला भागवत सरांचं खोटं कळलं ते कंधारच्या बसस्टँडवर, नांदेडच्या गाडीची वाट बघताना. आणि तेही राजकन्याच्या तोंडून.

दोघी बारावीपर्यंत एका बाकावरच्या. राजकन्या शेजारच्या खेड्यातली. पोलीस भरतीची तयारी दोघींनी मिळूनच सुरू केली होती. भागवत सर फौजेतून रिटायर झालेले, गावाबाहेरच्या मैदानावर पोरींना आठशे मीटर पळवायचे. धम्मप्रियाला वडील नव्हते. सरांनी पहिल्या दिवशी "पोरी" म्हणून हाक मारली, तेव्हापासून त्यांचा शब्द तिच्यासाठी शेवटचा होता.

महिनाभरातच सरांनी दोघींना वेगळं केलं. राजकन्या सकाळी, धम्मप्रिया संध्याकाळी. "सोबत असलात की गप्पाच मारून राहता," ते म्हणाले.

मग रोज धम्मप्रिया धापा टाकत थांबली, की सर वेळ न सांगताच घड्याळ खिशात टाकत म्हणायचे, "राजकन्या पुढं हाय तुझ्या." ती कितीही जीव तोडून पळाली तरी राजकन्या पुढंच. आधी तिला मैत्रिणीचं कौतुक वाटलं, मग हेवा, मग नुसता राग. राजकन्याच्या बहिणीचं लग्न झालं, ती गेली नाही. उन्हाळ्यात मांडीचा स्नायू धरला. डॉक्टरांनी पळू नको म्हणून बजावलं, तरी ती लपूनछपून पळत राहिली, कारण तिकडं राजकन्या काही थांबणार नव्हती. शेवटी पाऊल टाकता येईना, तेव्हा घरी बसली.

पाय जरा बरा झाल्यावर ती तपासणीसाठी नांदेडला निघाली होती. समोरून राजकन्या आली. तोंड चुकवायला जागा नव्हती.

"लंगडतीस का गं?" राजकन्यानं विचारलं.

"दोन महिने झाले. माहीत न्हाई व्हय तुला?"

राजकन्या तिच्याकडं बघतच राहिली. "दोन महिने? अगं, सर कालच म्हणले, धम्मप्रिया तुझ्या पुढं हाय. रोजच म्हणतेत."

गाडी लागली. लोक चढले, गाडी गेली. दोघी तिथंच उभ्या.

धम्मप्रिया तशीच मैदानावर गेली. सर चुन्यानं रेघा मारून घेत होते. तिनं विचारलं तेव्हा त्यांनी नाकारलं नाही.

"हाव, बोललो खोटं. त्याच्याबिगर पाय उचलत न्हाईत तुमचे. दोघी सुधरल्या का न्हाई?"

"मी किती सुधरले, सर? माझी खरी वेळ काय होती?"

सर रेघेकडं वळले. मग म्हणाले, "इतक्या पोरी पळतेत. ते कसं ध्यानात राहील?"

तिला वाटलं होतं, सर रागावतील, नाहीतर वरमतील. वर्षभर जिच्या मागं ती पळत होती ती राजकन्या खरी नव्हतीच. आणि जी खरी पळत होती, तिच्याकडं सरांनी एकदाही नीट बघितलं नव्हतं.

मैदान तिनं सोडलं. पाय सुधारल्यावर घरामागच्या गाडीवाटेनं एकटीच पळू लागली. फोनवर वेळ लावायची आणि कालच्यापेक्षा आज श्वास कुठं तुटला एवढंच बघायची. राजकन्या म्हणाली, "चल, सोबत पळू." धम्मप्रियाला तिचा राग उरला नव्हता, तरी ती म्हणाली, "सध्या नको. तू शेजारी असलीस की मी तुझ्याच पायाकडं बघीन."

भरतीत राजकन्या लागली. धम्मप्रिया थोडक्यात राहिली. पण त्या दिवशी ती आजवरच्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं पळाली होती. दुखऱ्या पायाला न घाबरता, शेजारच्या पट्ट्याकडं न बघता.

आठवड्यानं भाजीबाजारात भागवत सर भेटले. "राजकन्या लागली, तू राहिलीस. मैदान सोडलं नसतंस तर..."

"माझी वेळ कमी झाली, सर," ती म्हणाली. "ह्या टायमाला मी स्वतः मोजलीय."

घरी येईपर्यंत ती रडली नाही. चुलीपुढं बसल्यावर मात्र आवरेना. "नोकरीचं एवढं काय मनाला लावून घेतीस?" आई म्हणाली.

"नोकरीचं न्हाई, आई," ती म्हणाली. "त्यांनी पोरी म्हणलं होतं मला."