कट-ऑफवरची तार

"उष्णतेचं बटणच नीट लावलं नसशील! तीनशे अंडी शिजवलीस!" थोरला भाऊ बायकोवर तोंड सोडत होता.

वहिनी अंडी उबवायच्या मशीनपुढं उकिडवी बसली होती. नवऱ्याशी वर्षभर भांडून तिनं ते आणलेलं. एकोणिसावा दिवस. आणखी दोन दिवसांत पिल्लांनी कवच फोडलं असतं. तिनं एक अंडं कानाशी धरलं, मग दुसरं. हाताला चटका बसला, कानाला काहीच ऐकू आलं नाही.

"लावलं होतं... बहुतेक," ती पुटपुटली.

त्या 'बहुतेक'सरशी धाकट्या दिरानं मशीनमागं नजर टाकली. खाई त्याला खवखवे!

पाण्याच्या मोटारींची कॉइल भरणं हा त्याचा धंदा. मशीनमागचा स्टॅबिलायझर त्यानंच बसवलेला. वीज कमी आली की हा डबा ती वाढवायचा, जास्त आली की दाबायचा, फारच चढली तर कट-ऑफ पडून सगळं बंद. पण कट-ऑफ दिवसातून चारदा पडे आणि वहिनीचं बोलावणं येई, "भावजी, तुमचा डबा नव्या सुनेसारखा रुसतो हो!" हेलपाट्यांना कंटाळून यानं कट-ऑफला वळसा देणारी बोटभर तार टाकली. "घ्या, आता जन्मात रुसणार नाही." रुसला नाही खरा. आज दुपारी पाऊस कोसळला, रानातल्या साऱ्या मोटारी लोकांनी एकदम बंद केल्या आणि व्होल्टेज जू काढलेल्या बैलासारखं उधळलं. मशीनचा तापमान राखणारा भाग जळून चिकटला, हीटर तापतच राहिला.

आता त्यानं डबा उघडला. तार समोरच. पक्कडीनं ओढून खिशात टाकली, की दोष वहिनीचाच राहणार होता. त्यानं ओढलीही. मूठ मात्र खिशाकडं जाईना.

"दादा, तिला बोलू नकोस. कुंपणानंच शेत खाल्लं. कट-ऑफ मीच मारून ठेवलेला. तो पडला असता तर तासभर उबेवाचून अंड्यांनी कळ काढली असती."

वहिनीनं तार हातात घेऊन उलटीसुलटी पाहिली.

"अशी आणखी कुणाकुणाकडं टाकलीत?"

तो बोटं मोजू लागला. दोन्ही हातांची संपली.

"दवाखान्यात?"

"लशींच्या फ्रीजला," तो खाली मान घालून म्हणाला. "तिथंही सारखा पडायचा."

"मग इथं नाक काय घासताय? व्होल्टेज अजून चढलेलंच आहे. उठा!"

तो अनवाणीच धावला. ओसरीवरून कुणीतरी हाक मारली, "मिस्त्री, कुणाची मोटार जळाली एवढं पळायला?"

"बटणं बंद करा!" चिखलातून पळता पळता तो ओरडत सुटला, ज्या गल्लीत त्यानं बारा वर्षं धंदा केला होता त्याच गल्लीत, घरोघरी ऐकू जाईल असा. "माझ्या डब्यांवर भरवसा ठेवू नका!"