शेवटचा फर्मा

विशाखाताई सोनकांबळेंच्या कादंबरीबद्दल नांदेडात दोन मतं होती आणि दोन्ही त्यांच्या डोक्यात जात होती. पहिलं मत, पुस्तक झकास आहे, शेवट तेवढा फसला. दुसरं मत, शेवट इतका फसला की आधीचं सगळं मुसळ केरात.

ताई एकतीस वर्षं कोर्टात स्टेनो होत्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी ‘साक्षीदार नंबर नऊ’ लिहिली. जळून मेलेली सून, फुटलेले आठ साक्षीदार आणि शेवटी पिंजऱ्यात उभी राहिलेली शेजारची म्हातारी. दोनशे चोवीस पानांपर्यंत वाचकाला पाणी प्यायला उठू देत नाही, असं शिव्या देणारेही कबूल करत. मग येतात शेवटची सोळा पानं. म्हातारी एक वाक्य बोलते, घाईत असलेले जजसाहेब ते गाळून पुढचं सांगतात, आणि टाइप करणारी स्टेनो चक्क उठून उभी राहते. "साहेब, बाई आणखी एक बोलली." तिथून खटला फिरतो.

"ताई, स्टेनो कुठं उभी राहती का?" कोर्टातले जुने शिरस्तेदार रामलिंग म्हणाले होते. "पिक्चरवानी झालं हे."

ताईंना राग आला तो याचा, की माणूस खरं बोलत होता. साक्षीदार आपल्या बोलीत बोलतो, साहेब त्यातलं कामाचं तेवढं कोर्टाच्या मराठीत सांगतात आणि स्टेनो साहेबांचं ऐकून टाइप करते. साक्षीदाराचं ऐकून नव्हे. नव्व्याण्णव साली भोकरकडच्या एका खेड्यातल्या चांगुणाबाई साक्षीला आल्या होत्या. सून जळाली तेव्हा दाराला बाहेरून कडी होती, असं त्या म्हणाल्या. साहेबांचं लक्ष घड्याळाकडे होतं, सरकारी वकील फाइल चाळत होते. वाक्य गळलं. जबानी वाचून दाखवायची ती कुणी धड दाखवली नाही, बाईंनी अंगठा उमटवला आणि आरोपी पुराव्याअभावी सुटला. टाइपरायटरवर बसलेल्या विशाखाबाईंनी ते वाक्य नीट ऐकलं होतं. त्या उभ्या राहिल्या नाहीत. नोकरी जपायची होती, साहेब तापट होते, आणि खरं सांगायचं तर धाडस झालं नाही.

ही गोष्ट त्यांनी घरातसुद्धा कुणाला सांगितली नव्हती. त्या सोळा पानांसाठी त्यांनी आधीची दोनशे चोवीस लिहिली होती. ती पानं एका तरी माणसाने मनापासून मानावीत, एवढीच त्यांची इच्छा होती, आणि नेमकी तीच पानं लोक नाकं मुरडून बाजूला ठेवत होते.

म्हणून लातूरच्या एका वाचनालयाने चर्चेला बोलावलं तेव्हा ताईंनी ठरवलं, तिथेही हेच ऐकावं लागलं तर लिहिणं बंद. रविवारी सकाळच्या एसटीने त्या निघाल्या. अहमदपूरला बस पाऊण तास पंक्चर होऊन पडली, तेव्हाच त्यांचा अर्धा उत्साह संपला होता.

हॉलमध्ये चाळीसेक माणसं होती. वाचनालयाचे चिटणीस गुरुपादप्पा यांनी हार घातला आणि पहिल्यांदा प्राध्यापक अमरेश उठले.

"असा धाडसी शेवट मी अलीकडे वाचला नाही," ते म्हणाले. "न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं आणि बाईकडे पाहिलं. संपलं! बाई काय बोलली ते वाचकाने ठरवायचं. वा!"

ताईंना वाटलं, प्राध्यापक दुसऱ्याच पुस्तकाबद्दल बोलताहेत. तेवढ्यात मागून तनुजाबाई कडाडल्या. त्यांच्या यजमानांची मोंढ्यात धान्याची आडत होती आणि त्यांचा आवाजही मोंढ्यातलाच होता. "कसलं वा! फसवणूक हाय ही. दोन रात्री जागून वाचायचं अन् म्हातारी काय बोलली तेच न्हाई? मला लई संताप आला."

निम्मा हॉल प्राध्यापकांकडे, निम्मा तनुजाबाईंकडे. ताईंनी शेजारच्या बाईंच्या हातातलं पुस्तक ओढूनच घेतलं. पान दोनशे चोवीस. त्याच्यापुढे मलपृष्ठ. मेला पूर्णविरामसुद्धा नेमका तिथेच पडला होता, त्यामुळे कुणाला शंकाही आली नव्हती.

चहाच्या वेळी त्यांनी प्रकाशक माणिकप्पांना जिन्यात गाठलं. माणिकप्पांची लातुरातच छोटी प्रेस होती.

"ताई, हळू बोला," ते आधीच म्हणाले. "लातूरच्या गठ्ठ्यात बाइंडरनं शेवटचा फर्मा घातलाच न्हाई. सोळा पानं गेली. मला महिन्याखाली कळलं."

"महिना झाला? आणि मला सांगितलं नाही?"

"सांगणारच होतो. पण लोकं भांडून राहिले ना! भांडाय लागले म्हणून पुस्तक मागून राहिले. नांदेडवाले त्या शेवटाला नावं ठेवतेत, इथले डोक्यावर घेतेत. दुसरी आवृत्ती अशीच काढू. तुमचंच नाव होईल."

"अहो, ती सोळा पानं म्हणजेच पुस्तक आहे!"

"वाचकाला तसं वाटत न्हाई, ताई," माणिकप्पा म्हणाले, आणि तेही खोटं नव्हतं. ताईंच्या अंगाची लाही लाही झाली. आपण जीव तोडून लिहिलेली पानं नसली की पुस्तक चांगलं ठरतं, हे कोणत्या तोंडाने ऐकायचं?

चहा तसाच ठेवून त्या माइकपाशी गेल्या. घडलेला घोळ त्यांनी सांगून टाकला आणि पिशवीतली आपली प्रत काढून शेवटची सोळा पानं वाचली. वाचून झाल्यावर टाळ्या पडल्या, पण त्या पाहुण्यांसाठी पडतात तशा.

"माफ करा," प्राध्यापक म्हणाले, "आधीचाच शेवट सरस होता."

"बाई बोलली, बरं वाटलं," तनुजाबाई म्हणाल्या. "पर ती टायपिंगवाली मधेच कशाला आणली?"

मंजुश्री नावाची तरुण वकील उभी राहिली. "मॅडम, मी रोज कोर्टात असते. स्टेनो अशी उठून बोलत नाही. मला हे खरंच वाटलं नाही."

"खरं नाहीच," ताई म्हणाल्या. आपण हे बोलणार आहोत हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. "त्या खुर्चीवर मी होते. मी ऐकलं आणि गप्प बसले. आरोपी सुटला. चांगुणाबाई मला जाताना हात जोडून गेल्या. त्यांना वाटलं, मी सगळं उतरवून घेतलंय."

मंजुश्री खाली बसली. ताईंना वाटलं, निदान आता कुणीतरी समजून घेईल.

"मग हेच लिहायचं ना!" प्राध्यापक एकदम पुढे झुकले. "स्टेनो गप्प बसते! केवढा जबरदस्त शेवट झाला असता!"

"हाव, हे बेस हाय," तनुजाबाई म्हणाल्या, आणि त्या दुपारी पहिल्यांदाच दोघांचं एकमत झालं. मागच्या रांगेत लगेच नव्या शेवटावर वाद सुरू झाला. ताईंनी हात टेकले. पंचवीस वर्षं गिळून ठेवलेली गोष्ट यांनी चव बघून परत केली होती.

आभार झाले. गुरुपादप्पांनी इतिवृत्ताचं रजिस्टर पुढे केलं. प्रमुख पाहुण्यांनी त्यावर सही करायची असते. ताईंनी सवयीने आधी मजकूर वाचला. ‘लेखिकेने कादंबरीच्या शेवटाबाबत मनोगत व्यक्त केले. चर्चा खेळीमेळीत पार पडली.’

"यात मी बोलले ते नाही," त्या म्हणाल्या.

"आम्ही मोघमच लिहितो, ताई. सगळं लिहाय लागलो तर रजिस्टर पुरायचं न्हाई. सही करा, तुमची गाडी जाईल."

ताई खुर्ची ओढून बसल्या. गुरुपादप्पांचं पेन घेऊन त्यांनी त्या दोन ओळींखाली स्वच्छ अक्षरात लिहिलं: ‘साक्षीदार चांगुणाबाई म्हणाल्या, दाराला भायेरून कडी होती, साहेब. मी माझ्या कानांनी ऐकलं.’ मग खाली सही केली.

गुरुपादप्पांनी चष्मा सरळ करून वाचलं. "अन् हे कवाचं?"

"नव्व्याण्णवचं," ताई म्हणाल्या. "तारीख आजची टाका."