पुसलेल्या नावाची केशरी पूड

मित्रांनो, मी एक जुनी केशरी पूड आहे. नागोयातल्या एका प्रयोगशाळेत, काचेच्या बाटलीच्या तळाशी चिमूटभर उरले आहे. पण मला कमी समजू नका हं! माझ्या पोटात सोन्याहून महाग असा ऱ्होडियम धातू आहे.

शिओरी काकिनुमा नावाच्या विद्यार्थिनीने मला तीन आठवडे खपून घडवले. माझे काम नाजूक. औषधाच्या रेणूला हायड्रोजन चिकटवायचा, तोही नेमक्या एका बाजूने. उजव्या पायाचा बूट डाव्या पायात जात नाही, तसे चुकीच्या बाजूचे औषध शरीराला लागू पडत नाही. एक रेणू झाला की मी मोकळी, लगेच पुढचा हाती घेते.

मला एक जुळी बहीण आहे. रंग तोच, वजन तेच, पण ती हायड्रोजन बरोबर उलट्या बाजूने चिकटवते. तुलनेसाठी शिओरीने तिलाही बनवले होते.

वर्ष संपताना आमच्याकडे मोठी साफसफाई असते. त्या दिवशी प्रयोगशाळेतले साठीचे मदतनीस हातानो-सान ('सान' म्हणजे आपल्याकडचे 'राव') स्पिरिटचे फडके घेऊन कपाटावर तुटून पडले.

"हातानो-सान, बाटल्यांवरची नावं कुठं गेली?" शिओरी किंचाळलीच.

"पुसली की! बघ, कशा लखलखतायत!"

"अहो, जुळ्या आहेत त्या! आता कोणती कोण, कसं ओळखू?"

हातानो-सानांचा चेहरा पांढराफटक पडला. दुपारी चारला प्राध्यापकांना औषधाचा नमुना दाखवायचा होता. नाही दाखवला, तर नव्या वर्षापासून काम बंद आणि शिओरीची तीन वर्षे पाण्यात. मी एकाच खेपेपुरती उरले होते. डावी-उजवी बाजू सांगणाऱ्या प्रकाशाच्या यंत्रात घालून मला ओळखता आले असते, पण त्यासाठी मला सगळीच्या सगळी विरघळवावे लागले असते आणि त्यात मीच संपले असते. भीतीने माझा जीव अर्धा झाला.

"अगं, सगळी कशाला घालतेस?" हातानो-सान म्हणाले. "दोन कण घे आणि थोडं औषध बनव. कणभरात पुष्कळ करते म्हणून तर बनवलीस ना हिला? मग ते औषध घाल यंत्रात!"

शिओरीने कपाळावर हात मारला. "मला कसं नाही सुचलं!"

तिने पहिल्या बाटलीतले दोन कण घेतले. दोन तासांनी यंत्राने निकाल दिला: उलटी बाजू!

"चुकलं?" हातानो-सानांनी डोळे मिटले.

"चुकलं नाही, सापडलं!" शिओरी टाळ्या पिटत म्हणाली. "ही डावखुरी, म्हणजे दुसरी बाटली आपली!"

दुसरी बाटली म्हणजे मी. मग काय विचारता! मी जीव तोडून राबले, आणि तरी तळाशी चिमूटभर उरले. चारला नमुना मेजावर होता, आणि प्राध्यापकांनी मान डोलावून पुढच्या वर्षीच्या कामाची तारीख दिली.

संध्याकाळी हातानो-सानांनी दोन्ही बाटल्यांवर कागदाच्या चिठ्ठ्या लावल्या आणि पेन्सिलीने नावे लिहिली. पेन्सिल स्पिरिटने पुसली जात नाही. आधी त्यांनी बहिणीचे नाव लिहिले, तिच्यामुळे मी सापडले म्हणून.

मित्रांनो, वस्तू जरूर लख्ख करा. पण त्याआधी तिच्यावर काय लिहिले आहे, ते एकदा वाचा. मला माझे नाव फार आवडते हो.