दुपारपाळीवाली

"दाराच्या आत पाऊल नको गं बाई," मावशींनी खुर्चीतूनच दटावलं. "सभा चालू आहे. बाहेरच्यांनी बघायचं, बोलायचं नाही."

मावशी म्हणजे हॉस्पिटलच्या धुलाईघरातल्या युनियनच्या सेक्रेटरी. महिनाअखेरीला सगळे सभासद कॅन्टीनमध्ये जमत आणि ज्येष्ठतेप्रमाणे एकेक जण उठून पुढच्या महिन्याची पाळी मागून घेई. सगळ्यांचं मागून झालं की उरेल ते बिगरसभासदांचं. उरायची ती दुपारपाळी, अंधार पडल्यावर सुटणारी. दारात उभ्या असलेल्या या बाईच्या तर ती पाचवीलाच पुजली होती. धुलाईघरात तिला नावाने कुणी हाक मारत नसे, सगळे दुपारपाळीवालीच म्हणत.

ती काही हौसेने युनियनबाहेर राहिली नव्हती. ती बदली कामगार, आणि कायम झाल्याशिवाय सभासद करायचं नाही असा युनियनचा नियम. कायम कधी करणार म्हणून विचारलं, की मॅनेजर युनियनकडे बोट दाखवी आणि युनियन मॅनेजरकडे. दोघांच्या टोलवाटोलवीत हिचा मात्र चेंडू झाला होता.

इतकी वर्षं तिने ब्र काढला नव्हता. पण आता प्रश्न लेकीचा होता. लेकीला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. शाळेने हातांच्या भाषेचा वर्ग सुरू केला होता, मुलं आणि आईबाप दोघांसाठी, रोज संध्याकाळी. नवरा शिंपी. तो दुकान लवकर बंद करून लेकीला घेऊन जाई. बापलेकीची बोटं आता भराभर चालायला लागली होती. सुट्टीच्या दिवशी जेवताना दोघं काहीबाही बोलत, पोट धरून हसत आणि ही आपली ताटाकडे बघत बसे.

"काय म्हणाली?"

"काही नाही गं, गंमत," तो हसू आवरत म्हणे.

आपल्याच पोटच्या पोरीशी बोलायला मध्ये माणूस लागतो, हे तिच्या जिवाला फार लागलं होतं.

आधी ती मॅनेजरकडे गेली. "करारच तसा आहे, बाई. पाळ्या युनियन ठरवते. मी मध्ये पडलो तर उद्या मशीन बंद." मग मावशींकडे. मावशींनी तिला समोर बसवलं आणि म्हणाल्या, "कामाच्या मध्ये चहाला टेकतेस ना घटकाभर? ती सुट्टी काय आभाळातून पडली? नोकरीवर पाणी सोडायची तयारी ठेवून आम्ही भर उन्हात फाटकाशी बसलो होतो. ज्यांनी सोसलं त्यांनी आधी निवडायचं, नाहीतर कुणी?"

खरंच होतं ते. मावशी दुष्ट नव्हत्या, आणि तिची पंचाईत तिथेच होती.

आज दारात उभी राहून ती सकाळच्या जागा एकेक जाताना बघत होती. शेवटची एक उरली आणि बॉयलरवाला आळस देत उठला. तो तोंड उघडणार, तेवढ्यात तिचे दोन्ही हात आपोआप डोक्यावर गेले आणि मनगटांची फुली झाली.

बॉयलरवाला होता तिथेच थिजला. धुलाईघरात मशीनच्या धडधडाटात माणसाचा आवाज पोचत नाही, म्हणून तिथल्या लोकांनी हातांच्या खुणा ठरवून घेतलेल्या. डोक्यावर फुली म्हणजे मशीन थांबवा, कुणीतरी अडकलंय. ती दिसली की आधी थांबायचं, मग विचारायचं.

"बोलायचं नाही म्हटलं ना!" मावशी कडाडल्या.

"पण मावशी, ती बोलली कुठे?" इस्त्रीवाला म्हणाला आणि कॅन्टीनभर हशा पिकला.

आता माघार नव्हती. तिने छातीवर हात ठेवला: माझं. दोन तळवे जवळ आणले: लहान गठ्ठा. कानावर हात आडवा धरला: ऐकू येत नाही. हसू ओसरलं. मग तिचे हात हवेतच अडकले. पुढचं सांगायला धुलाईघरात खूणच नव्हती.

"आत ये," मावशी हळूच म्हणाल्या. "तोंडाने सांग."

"मला माझ्या पोरीची भाषा शिकायचीय," ती म्हणाली. "वर्ग संध्याकाळी असतो. बाकी काही मागत नाही मी."

बॉयलरवाल्याने घसा खाकरला. "घे तू सकाळ. मला तसाही लवकर उठायचा कंटाळा."

"उपकार नकोत," मावशी म्हणाल्या. "उपकार काय, आज केला, उद्या विसरला. मी ठराव मांडते. सकाळच्या दोन जागा दर महिन्याला बिगरसभासदांना, आळीपाळीने. आणि पाळ्या ठरताना त्यांनी सभेत बसायचं, बोलायचं."

"मग आमच्या ज्येष्ठतेला काय अर्थ राहिला?" कपडे निवडणारा म्हातारा कुरकुरला.

"ज्येष्ठ आहात ना? मग जरा मोठेपणा दाखवा!"

हात वर झाले. सगळे नाही, पण पुरेसे. म्हातारा हाताची घडी घालून छताकडे बघत राहिला. बदलीवाल्यांना सभासद करून घ्यायचा विषय पुढच्या सभेत घ्यायचा ठरला, आणि तिथेही आपण बोलायचं, असं तिने मनाशी ठरवून टाकलं.

महिन्याच्या पहिल्याच संध्याकाळी ती वर्गात लेकीशेजारी लहान मुलांच्या बाकावर अंग चोरून बसली. शिक्षिकेने लेकीला खुणेने विचारलं, ही कोण? पोरीने झटकन उजवा हात खांद्यावर नेऊन काहीतरी अडकवल्यासारखं केलं.

"हे काय?" तिने मागच्या बाकावरच्या नवऱ्याला विचारलं.

तो चाचरला. "तुझं नाव आहे ते. तिनेच ठेवलंय. खांद्याला पिशवी. ती शाळेतून येते तेव्हा तू निघालेली असतेस ना..."

तिला भडभडून आलं. पण रडायला पुढे वेळच वेळ होता. तिने डोळे पुसले आणि शिक्षिकेला विचारलं, "‘मी उद्याही येईन’ हे कसं म्हणायचं?"

शिक्षिकेने करून दाखवलं. तिने लेकीकडे वळून तसंच केलं.

पोरीने क्षणभर निरखून पाहिलं. मग आईचा वाकडा गेलेला अंगठा आपल्या चिमुकल्या बोटांनी धरून नीट केला आणि पुन्हा म्हण, अशा नजरेने वाट बघत बसली.