जुना हुकूम रद्द

कळ ओसरली तेव्हा नवऱ्याचं मनगट तिच्या मुठीत होतं आणि त्यावर तिच्या नखांच्या चार खुणा उमटल्या होत्या.

"मला सुई हवीय," ती म्हणाली. "कमरेतली. आत्ता."

नवऱ्याने सिस्टरकडे पाहिलं, सिस्टरने फाइलकडे. सातव्या महिन्यात तिने स्वतःच्या टपोऱ्या अक्षरात लिहून ठेवलं होतं: कळांमध्ये मी मागेन, ओरडेन, तरी कमरेतली भुलेची सुई देऊ नये. खाली सही. शिवाय नवऱ्याकडून वचन घेतलेलं, तेही आईसमोर.

आणि नवरा होता रेल्वेच्या केबिनमधला सिग्नलवाला. घाईत तोंडातून निसटलेल्या शब्दाला त्याच्या कामात कवडीची किंमत नसे. हुकूम शांतपणे द्यायचा, ऐकणाऱ्याने शब्दाला शब्द परत म्हणायचा, मगच लिव्हर ओढायचा. घरीसुद्धा "मीठ, एक किलो" असं परत म्हटल्याशिवाय तो जिना उतरत नसे.

"तूच म्हणाली होतीस," तो पडलेल्या आवाजात म्हणाला, "कळेत बोलेन ती मी नव्हे."

"ताई, निर्णय तुमचाच," सिस्टर म्हणाली. "पण लिहिलंय हे असं. भूल देणाऱ्या डॉक्टर दहा मिनिटांत ऑपरेशनला जातील, मग दीड तास मिळायच्या नाहीत. मला तुमच्या तोंडून नीट ऐकू द्या."

तिने तोंड उघडलं आणि नेमकी तेव्हाच पुढची कळ आली. कंबर कुणी पिळून काढावी तशी. "दे, दे, दे," एवढंच बाहेर पडलं. नवऱ्याने डोळे मिटून घेतले. कळेतलं बोलणं धरायचं नाही, हे त्याला पढवलेलं होतं, आणि पढवलं होतं तिनेच.

पलंगाच्या पायथ्याशी तिची आई बाळाच्या टोपीची घडी घालत होती, मोडत होती. 'तुझ्या वेळी अठरा तास, हूं की चूं नाही' हे आईच्या तोंडून ऐकत लेक लहानाची मोठी झाली होती. आता सुई मागितली, तर त्या अठरा तासांपुढे आपण कोण?

कळ उतरली. घड्याळात चार मिनिटं उरली होती. ती कोपरावर उठली, तोंडावरचा घाम पुसला, नवऱ्याची हनुवटी धरून आपल्याकडे वळवली.

"बघ. कळ नाहीये. शुद्धीत आहे. जुना हुकूम रद्द. सुई द्यायची. परत म्हण."

"जुना हुकूम..." त्याचा आवाज चिरकला. "रद्द. सुई द्यायची."

सिस्टर केव्हाच दाराबाहेर पळाली होती.

"मी गप्प नव्हते गं," आई टोपीकडे बघत म्हणाली. "सगळा वॉर्ड डोक्यावर घेतला होता. सुईचं कुणी विचारलं असतं तर दारातच हो म्हटलं असतं."

"मग आधी का नाही बोललीस?"

"बढाई एकदा मारली की जन्मभर ओढावी लागते, बाई."

हसायला वेळ नव्हता. डॉक्टर आल्या, हातमोजे चढले, पाठीवर काहीतरी थंडगार फिरलं. "पाठ मांजरासारखी गोल करा. आणि आता काही झालं तरी हलू नका."

तिने कपाळ नवऱ्याच्या छातीवर टेकलं. पुढची कळ निघालेली तिला कळली. लांबून, पण गाडीसारखी वेगात.

"हलायचं नाही," तो तिच्या केसांत पुटपुटला.

"हलायचं नाही," तिने दात आवळून परत म्हटलं, आणि ती हलली नाही.

वीस मिनिटांनी कळा मोजणाऱ्या यंत्रावरची रेषा डोंगरासारखी चढली. नवरा घाबरून पुढे वाकला. "आली?"

"गेली," ती म्हणाली. "मला फक्त रूळ हललेले कळले."