कुडापलीकडची पंगत

अंबिकाबाईचा संताप तुम्ही पाहिलेला नाही, म्हणून तुम्हाला गिरणीचा भोंगा मोठा वाटतो. लालबागेत तिची खानावळ होती. बायकापोरं कोकणात ठेवून आलेले आम्ही गिरणीवाले तिच्याकडे जेवायचो. ती ओरडली की भोंगा लाजून उशिरा वाजायचा आणि साहेब बिचाऱ्या इंजिनवाल्याला दंड करायचा.

गाठीचा ताप आला त्या साली निम्मी चाळ बोटीने गावी पळाली. आमच्या खोलीतल्या कुशाबाच्या काखेत गाठ निघाली, तर सरकारी माणसांनी त्याच्यासकट सगळी खोली उचलून वरळीच्या अंगाला छावणीत कोंडली. मी कामावर होतो म्हणून सुटलो. तिथली पेज कोणी शिजवली, कशात शिजवली, ठाऊक नाही. आमच्या खोलीतली पोरं तोंड लावीनात. उपाशी बसली.

अंबिकाबाईने ऐकलं आणि भाताचा टोप चढवला. तेवढ्यात घरमालक रघुवीरशेठ नाकाला रुमाल लावून आला.

"बाई, चूल विझवा. छावणीत जाऊन याल, रोग माझ्या चाळीत आणाल."

"भाडं घेताना कुठे असतो हो हा रुमाल?"

त्याने तिला बाहेर काढून खोलीला कुलूप घातलं. पण बाहेर येताना बाईने उकळता टोप उचलून आणला होता. शेठच्याच दारापुढे, भर रस्त्यात, तिने तीन दगड मांडले. तुळसा कोळणीने सुकटाची पाटी तिथेच रिकामी केली. "बाजारात गिऱ्हाईक नाय. घे गो, टाक सगळी!" मग मिरच्यांचा असा खकाणा उठला की शेठ शिंकत माडीवर पळाला आणि परळचे उंदीर बोचकी बांधून ठाण्याला गेले.

टोप बांबूला लटकवून मी आणि तुळसाने बाईच्या मागोमाग छावणीपर्यंत नेला. फाटकावरचा शिपाई म्हणाला, "आत सोडणार नाही. कुडाखालून द्या." मग हळूच म्हणाला, "तो कुशाबा सकाळी गेला, बाई. आतल्यांना इस्पितळात आहे म्हणून सांगितलंय."

बाई कुडाखालून पत्रावळी सरकवून वाढत गेली. पण एकही हात भाताला लागेना. खानावळीत तिचाच दंडक होता: एका खोलीची माणसं एका पंगतीला, आणि शेवटचा बसल्याशिवाय कोणी कालवायचं नाही.

आमच्या खोलीतला धोंडू आतून म्हणाला, "कुशाबा यायचाय. तोवर थांबतो."

"तो इस्पितळात आहे, मेल्या!"

"मग येईल की. नियम तुमचाच, बाई."

तिने कुडावर डाव आपटला. "माझा नियम मला शिकवतोस? त्याला आधीच वाढून आले मी! तुमच्यासारखा नखरेल नाही तो. दोनदा भात मागून घेतलान, वर म्हणतो मीठ कमी आहे. आता गिळता, की टोप डोक्यावर ओतू?"

"मीठ कमी म्हणाला?" धोंडू हसला. "मग बरा आहे तो." आणि त्याने भात कालवला. मग सगळेच तुटून पडले.

परतताना बाईने रिकाम्या टोपाला लाथ घातली. "मुडद्या कुशाबा, मला खोटं बोलायला लावलंस!" मग माझ्याकडे वळली. "उद्या विचारतील, आज काय म्हणाला. तू बनव काहीतरी. थापा मारण्यात तूच पटाईत."

"सांगा, सगळ्यांची आठवण काढत होता."

"गाढवा, असं कोण बोलतं? मरणारा! शिव्या देत होता म्हणून सांगू."

आणि वरळीपासून लालबागेपर्यंत ती कुशाबाच्या तोंडच्या शिव्या जुळवत चालली. पहिली रघुवीरशेठला होती.