अर्ध्या बोटाचा थर

टाचेत शेवटचा खिळा ठोकायला कारागिराने हातोडी उचलली आणि तेवढ्यात खिडकीत दोन बूट येऊन थांबले.

त्याचं दुकान तळघरात होतं. रस्त्यावरून सात पायऱ्या उतरून यावं लागे, आणि एकुलती एक खिडकी फुटपाथच्या बरोबरीला. तीस वर्षं त्याने जग घोट्यापर्यंतच पाहिलं होतं आणि त्याचं काही अडलंही नव्हतं. कोण घाईत आहे, कोणाची नोकरी सुटली, कोण नुकतंच प्रेमात पडलंय, हे सगळं त्याला टाचांवरून कळायचं. बायको म्हणायची, अहो, कधीतरी माणसाच्या तोंडाकडेही बघत जा.

आज वर प्राइडची मिरवणूक होती. ती दरवर्षी याच रस्त्याने जायची, आणि त्या दिवशी तो सकाळीच खिडकीचा पडदा ओढून घ्यायचा. पण आज ओढायला पडदाच नव्हता. बायकोने तो काढून बादलीत भिजवला होता.

"आजचाच मुहूर्त सापडला का?" त्याने विचारलं होतं.

"धुळीने नुसता काळा झालाय," असं म्हणून ती वर निघून गेली होती.

त्यामुळे सकाळपासून त्याच्यासमोरून पाय चालले होते. चट्ट्यापट्ट्यांचे मोजे, रंगवलेली नखं, चाकाच्या खुर्चीच्या पाय टेकायच्या पट्टीवरचे चकचकीत काळे बूट. एक दणकट गडी सोनेरी उंच टाचांत चालला होता. टाच चुकीच्या जागी बसवली होती, संध्याकाळपर्यंत पोटऱ्या बोंबलणार, असा हिशेब करून कारागिराने नाक मुरडलं होतं. बघायचं नाही असं ठरवूनही तो बघत होता.

आणि आता हे बूट. तपकिरी, गोल नाकाचे, डावा तळ उजव्यापेक्षा अर्धं बोट जाड. घालणारा उजव्या बुटाची लेस बांधायला गुडघ्यावर बसला, तशी त्याची डावी टाच उचलली गेली आणि लोखंडी खिळ्यांच्या रांगेत एक पितळी खिळा चमकला.

असा एकच पितळी खिळा ठोकणारा त्याच्याशिवाय दुसरा कारागीर या शहरात नव्हता. आणि तोही एकाच माणसाच्या बुटांना ठोकायचा.

बूट उठले, चालू लागले. एक पाऊल टक्कन, दुसरं जरा उशिरा आणि जड. कारागिराच्या हातातली हातोडी बाकावर कधी गेली, त्याला कळलं नाही.

त्याच्या मुलाचा डावा पाय जन्मापासून आखूड होता. त्या पायासाठी कारागीर जाड तळ करायला शिकला होता. मुलगा मोठा झाला, आणि अकरा वर्षांपूर्वी याच दुकानात स्टुलावर बसून त्याने सांगितलं की माझ्यासाठी मुली बघू नका, माझा जीव आहे तो एका मुलावर. कारागिराने हातातली चामडं टोचायची आरी खाली न ठेवताच म्हटलं होतं, "पुन्हा या पायऱ्या उतरू नकोस." मुलाने ऐकलं. लहानपणापासून तो ऐकणाराच होता, हीच तर पंचाईत होती.

पण त्याच्या मापाचे बूट बाजारात मिळणार नव्हते. म्हणून दरवर्षी कारागीर एक जोड करायचा. बायको तो पिशवीत घालून घेऊन जायची आणि जुना जोड परत आणायची. ती काही सांगायची नाही, तो काही विचारायचा नाही. ती वर गेली की तो जुने तळ उजेडात धरायचा. या वर्षी उभं राहण्याचं काम मिळालंय. या वर्षी जिने फार आहेत. या वर्षी कोणाच्या तरी पावलाशी पाऊल जुळवत चालतोय, एकच कड झिजली आहे. नऊ वर्षं त्याने मुलाला असं वाचलं.

दोन हिवाळ्यांपूर्वी बायको रिकामी पिशवी घेऊन परत आली. त्याला ताप होता म्हणाली, चार दिवसांत सगळं संपलं. दुसऱ्या दिवशी ती एकटीच त्याला शेवटचं पोहोचवायला गेली. कारागीर दुकान उघडून बसला होता. त्या दिवशी त्याने कोणाचे बूट शिवले, हे त्याला आजही आठवत नाही.

आणि ती चाल आत्ता खिडकीसमोरून गेली होती.

तो ॲप्रनसकट पायऱ्या चढला. रस्ता माणसांनी आणि रंगीत झेंड्यांनी भरला होता, शिट्ट्या वाजत होत्या, कोणीतरी गच्चीवरून कागदाचे कपटे उधळत होतं. त्याला तोंडं ओळखायची सवयच नव्हती. मान खाली घालून तो गर्दीत शिरला आणि पायांमधून वाट काढू लागला. हा वेडेपणा आहे, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. गेलेला माणूस मिरवणुकीत चालत नाही. पण तपकिरी बूट वीस पावलांवर दिसायचे, नाचणाऱ्या पायांआड जायचे, पुन्हा दिसायचे. ते पुन्हा नाहीसे होऊ नयेत, एवढंच त्याला हवं होतं.

"काका, अहो, हरवलात का?" एका मुलीने त्याचा दंड धरला. तिच्या गालांवर सहा रंग होते.

"मुलाला शोधतोय," तो म्हणाला. हे वाक्य अकरा वर्षांत त्याच्या तोंडून पहिल्यांदाच बाहेर पडलं.

"मग पुढेच असेल," ती म्हणाली, त्याच्या हातात एक छोटा झेंडा कोंबला आणि निघून गेली.

मिरवणूक बागेत संपली तेव्हा दुपार कलली होती. तपकिरी बूट एका बाकाखाली स्थिर झाले. कारागीर त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला आणि खूप वेळाने त्याने मान वर केली.

तो त्याचा मुलगा नव्हता. पस्तिशीचा, चष्मा लावलेला, उन्हाने रापलेला कोणी परका माणूस कंबर चोळत बसला होता.

मग कारागिराला आपली चूक दिसली, आणि त्याला स्वतःची लाज वाटली. त्याचा मुलगा चालताना डावीकडे कलायचा. हा माणूस उजवीकडे झुकत होता. याचे दोन्ही पाय सारखे होते, जाड तळाने डावा उगाच उंच झाला होता. शिकाऊ पोरानेही हे दहा पावलांत ओळखलं असतं. तीस वर्षं चाल वाचणारा माणूस अख्खा रस्ता उलट वाचत आला होता, कारण त्याला तेच वाचायचं होतं.

"हे बूट," तो म्हणाला.

माणसाने त्याच्या ॲप्रनकडे पाहिलं, मेणाने काळ्या झालेल्या बोटांकडे पाहिलं आणि तो एकदम उठून उभा राहिला.

"तुम्ही खिडकीतले."

"हो."

"बसा ना."

ते दोघं बसले. कारागिराच्या हातात तो छोटा झेंडा अजून होता. कुठे ठेवावा हे न कळून त्याने तो गुडघ्यावर धरला.

"गेल्या वर्षी मला येववलंच नाही," माणूस म्हणाला. "या वर्षी म्हटलं, निदान त्याचे बूट तरी येऊ देत. माप एकच होतं आमचं."

"पाठ दुखत असेल तुमची."

"दुखतेय ना. सकाळपासून."

"तो माझ्याबद्दल..." कारागीर थांबला. "शिव्या द्यायचा?"

"छे. पावसात भिजले की रात्री आत वर्तमानपत्र कोंबून ठेवायचा. मी म्हणायचो, बूटच आहेत रे. तर म्हणायचा, बाबांनी केलेत." तो हसला. "आणि दरवर्षी तुमच्याच खिडकीपाशी लेस सुटायची त्याची. मिरवणूक पुढे जायची, हा आपला बांधत बसलाय. मी चिडवायचो त्याला. आज तिथे पोहोचलो तर पाय आपोआप थांबले."

पडद्यावर दरवर्षी पडणारी एक सावली कारागिराला आठवली. वाकलेली, बराच वेळ न हलणारी. कोणाची तरी लेस सुटली असेल, असं म्हणून तो ठोकत राहायचा.

"दुकानात चल," तो म्हणाला. 'तुम्ही' कधी गळून पडलं, ते दोघांच्याही लक्षात आलं नाही.

पायऱ्यांपाशी माणूस अडखळला. खाली बघत तो वरच उभा राहिला.

"उतर," कारागीर म्हणाला. स्वतः दोन पायऱ्या उतरून त्याने हात पुढे केला. "उतर बाबा."

खाली बाकावर चहाचे दोन कप बशीने झाकून ठेवलेले होते. बायको कुठेच दिसत नव्हती. चहा अजून गरम होता.

माणूस स्टुलावर बसला आणि बूट काढून देताना घाबरल्यासारखा म्हणाला, "तो थर काढू नका हं."

"नाही काढत."

कारागिराने डाव्या बुटाला हात लावला नाही. त्याने चामड्याचा एक तुकडा घेतला, अर्ध्या बोटाचा, कडा छाटल्या, खळ लावली आणि तो उजव्या तळाला बसवला. नवी टाच ठोकताना खिळ्यांच्या डबीच्या तळाशी त्याला एक पितळी खिळा सापडला. दोन वर्षं तो तसाच पडून होता. त्याने तो उजव्या टाचेत ठोकला.

"चालून बघ."

माणूस खिडकीपर्यंत गेला आणि परत आला. दोन्ही पावलं सारखी पडली. पाठ सरळ झाली, चेहऱ्यावरचा ताण गेला. कारागीर कान देऊन ऐकत होता. ती चाल आता कुठेच उरली नव्हती, आणि ती त्यानेच आपल्या हाताने मिटवली होती. त्याला रडू आलं, ते त्याने वाकून लपवलं, आणि वाकलाच होता म्हणून समोरची लेस ओढून बांधू लागला.

"ही गाठ तो मारायचा," माणूस म्हणाला. "मला कधी जमली नाही."

"दिवसभर नाचलास तरी सुटायची नाही ही. सहा वर्षांचा होता, तेव्हा शिकवली त्याला."

माणूस गाठीकडे बघत राहिला.

"मग त्याची कशी सुटायची? दरवर्षी, इथेच?"

कारागिराने उघड्या खिडकीकडे पाहिलं. फुटपाथवर रंगीत कपटे पडले होते आणि पाय कोणाचेच नव्हते.

"सुटत नव्हती," तो म्हणाला.